चिरो पाणी पिता

गोवा पाहून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या फोनमध्ये हा फोटो असतो. मागे लालसर तपकिरी दगडाचं उंच चर्च आणि पुढे आपण. जुन्या गोव्यात रस्त्याच्या एका बाजूला से कॅथेड्रल आहे, पांढरंशुभ्र आणि आकाराने मोठं. दुसऱ्या बाजूला बॉम जेझू बॅसिलिका. गर्दी दोन्हीकडे असते, पण फोटोसाठी पाय आपोआप लाल भिंतीकडे वळतात. माझेही वळले होते. कॉलेजच्या सहलीतला तो फोटो पोस्ट करताना मी खाली लिहिलं होतं, ‘४०० वर्षांचा दगड. ना रंग, ना मुखवटा.’ लाइक्स बरे मिळाले होते.

वाक्य चुकीचं होतं. रंग नव्हता हे खरं, पण तो नसणं ४०० वर्षांचं नव्हतं. ते जेमतेम ७० वर्षांचं आहे. बॉम जेझूच्या बाहेरच्या भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात, गोवा अजून पोर्तुगालच्या ताब्यात असताना, तो खरवडून काढला गेला. ज्या रूपाला आपण ‘अस्सल जुनं’ म्हणतो, ते आपल्या आजीच्या पिढीने तरुणपणी नवंकोरं पाहिलेलं असणार.

हे कळल्यावर मला आधी स्वतःचं हसू आलं, मग थोडा राग आला, आणि मग ती इमारत पुन्हा पाहावीशी वाटली. कारण प्रश्न एका थराचा नाही. गिलावा काढणाऱ्यांनी बॉम जेझूचा जो अर्थ लावला, तोच आपण सगळे आजही लावतो आहोत, आणि माझ्या मते तो अर्थ या चर्चच्या बाबतीत साफ उलटा आहे.

आधी इमारत. पायाभरणी २४ नोव्हेंबर १५९४ची, आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनी तिला अभिषेक केला. बांधली जेझुइटांनी, म्हणजे इग्नेशियस लोयोलाने काढलेल्या येशू संघाने. पैसा मोठ्या प्रमाणात जेरोनिमो मास्कारेन्यस या कोचीन आणि होर्मूझच्या कप्तानाच्या मृत्युपत्रातून आला. आत भिंतीत त्याचं स्मारक आहे, पर्यटक बहुधा त्याला पाठ करून उभे असतात. लांबी सुमारे १८३ फूट, रुंदी ५५, उंची ६१. आत एकच सलग दालन, मध्ये खांबांच्या रांगा नाहीत. प्रवचन शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे आणि वेदी त्याला दिसली पाहिजे, हा जेझुइटांचा आग्रह. नाट्यगृहासारखा हिशेब आहे हा.

दर्शनी भाग पश्चिमेकडे तोंड करून आहे. खाली तीन दारं, त्यावर तीन मोठ्या चौकोनी खिडक्या, त्यावर तीन गोल खिडक्या, आणि सगळ्यांत वर वेलबुट्टीच्या चौकटीत तीन अक्षरं: आय, एच, एस. ग्रीक भाषेतल्या येशूच्या नावाची ही पहिली तीन अक्षरं, जेझुइटांची खूण. मजल्यागणिक खांबांची घडण बदलते. डोरिक, आयोनिक, कोरिंथियन आणि मग मिश्र. भिंत जांभ्याची, पण नक्षीचं काम काळ्या बसाल्टचं. हा बसाल्ट वसईहून समुद्रमार्गे आणलेला. वसई तेव्हा पोर्तुगीजांची होती. आमच्याकडे वसई म्हटलं की चिमाजीअप्पा आणि १७३९ एवढंच आठवतं. तिथला दगड त्याच्या सव्वाशे वर्षं आधी गोव्यातल्या एका चर्चच्या कपाळावर जाऊन बसला होता हे कुणी सांगत नाही.

पुस्तकात या चर्चला बरोक म्हणतात. बरोक म्हणजे नाट्य, हालचाल, पिळदार खांब, उसळणारे ढग, सोनं. त्या हिशेबाने हा दर्शनी भाग जरा गंभीर आहे. आडव्या पट्ट्या, उभ्या पट्ट्या, त्यातून तयार झालेले चौकोन. चौकटीच्या वहीवर कुणी शिस्तीत मांडणी केल्यासारखा. जाणकार याला बरोकच्या आधीच्या, मॅनरिस्ट वळणाचा म्हणतात आणि ते पटतं. बरोक आत आहे. आत जायच्या आधी मात्र या भिंतीपाशी थोडं थांबायला हवं.

पुरातत्त्व खात्याच्या वर्णनात एक छोटीशी नोंद आहे. त्यानुसार गिलावा बाहेरच्या सगळ्या भिंतींना होता, पश्चिमेचा दर्शनी भाग सोडून. मी ही ओळ वाचली आणि डोळ्यांसमोर एक वेगळंच चर्च उभं राहिलं. पांढरं अंग आणि त्याच्या पुढे गडद दगडाचा एक चेहरा. पांढऱ्या भिंतींनी मागे सरून त्या चेहऱ्याला जागा करून दिलेली. आत वेदीमागे जशी कोरीवकामाची उंच भिंत उभी असते, तशीच एक भिंत बाहेर, भर उन्हात उभी केलेली. आता अंगही लाल आणि चेहराही लाल. आपण गिलावा काढून चर्च ‘मोकळं’ केलं असं समजतो, प्रत्यक्षात त्याचा चेहरा त्याच्याच अंगात बुडवून टाकला. वसईच्या बसाल्टची रेघन् रेघ उठून दिसावी म्हणून केलेला खर्च त्यात वाया गेला तो वेगळाच.

माझं आजोळ शिरोड्याजवळचं. घर चिऱ्याचं. जांभ्याच्या चौकोनी तोडलेल्या दगडाला कोकणात चिरा म्हणतात, हे बहुतेकांना माहीत असेल. जमिनीतून काढताना हा दगड इतका मऊ असतो की तासून त्याचा आकार करता येतो. हवा लागली की टणक होतो. लोहाचा अंश भरपूर, म्हणून गंजाचा रंग. आणि अंगभर भोकं. बसाल्ट पाण्याला बाहेर उभा करतो, चिरा त्याला घरात घेतो. आजीचं एक वाक्य होतं, “चिरो पाणी पिता गो. तेच्या आंगार कायतरी होया.” म्हणून पावसाच्या बाजूच्या भिंतीला मे महिन्याच्या शेवटी माडाची विणलेली चुडतं बांधायची, पाऊस सरला की काढायची. ज्यांना परवडायचं त्यांच्या भिंतींना चुन्याचा गिलावा. तो चुनाही इथलाच, बऱ्याचदा शिंपले भाजून केलेला.

चार वर्षांपूर्वी माझ्या मामेभावाने त्या घराचा होमस्टे करायचं ठरवलं. पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना ‘चिऱ्याचं घर’ दिसायला हवं. सगळा गिलावा काढला. फोटो काय सुंदर आले! दुसऱ्या पावसाळ्यात आतल्या खोलीच्या भिंतीला हात लावला की ओला होत होता, आणि पलंगाखाली लाल पीठ पडत होतं. तिसऱ्या वर्षी त्याने चिऱ्यांवर चकचकीत रसायन मारलं, त्यामुळे आत गेलेलं पाणी आतच अडकलं. आता तो परत चुना लावणारा गवंडी शोधतोय, आणि चुन्याचं काम येणारे गवंडी आमच्या भागात हाताच्या बोटांवर मोजावे लागतात.

हे सगळं सांगितलं कारण बॉम जेझूचं जे झालं ते याहून फार वेगळं नाही, फक्त भाऊ मोठा होता.

या कामामागे बाल्टाझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज वास्तुविशारदाचं नाव घेतलं जातं. पोर्तुगालमध्ये १९२९ साली राष्ट्रीय इमारती आणि स्मारकांसाठी एक सरकारी खातं निघालं. सालाझारच्या राजवटीत या खात्याने देशभरच्या जुन्या चर्चेसची ‘शुद्धी’ केली. शुद्धी म्हणजे काय, तर नंतरच्या शतकांनी चढवलेलं सगळं उतरवायचं. सोनेरी वेद्या काढा, चुना काढा, आणि मध्ययुगातला नागडा दगड दाखवा. कारण राष्ट्राचा जन्म मध्ययुगातला आणि राष्ट्र म्हणजे कणखर दगड. कास्त्रो या परंपरेत तयार झालेला माणूस.

आता तारखा पाहा. १९४७मध्ये ब्रिटिश गेले. १९५१मध्ये पोर्तुगालने घटना बदलून आपल्या वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ हे नाव दिलं, म्हणजे गोवा वसाहत नाहीच, पोर्तुगालचाच तुकडा आहे. १९५२मध्ये फ्रान्सिस झेवियरच्या मृत्यूला ४०० वर्षं होत होती आणि जगभरातून भाविक, पत्रकार, पाहुणे येणार होते. अशा वेळी जुन्या गोव्याने जुनं दिसणं गरजेचं होतं. दरवर्षी चुना लावलेली भिंत कधीच म्हातारी दिसत नाही, हा तिचा दोषच. चिरा उघडा केला की इमारत एका झटक्यात काही शतकं मागे जाते. कुणी मुद्दाम कट केला असं मी म्हणत नाही. त्या काळात त्या खात्यात शिकलेल्या माणसाला तेच सुंदर वाटत असणार. पण ज्या बरोक थराला ते खातं मायदेशात नंतरची भर म्हणून उतरवत होतं, तो थर इथे नंतरचा नव्हताच. बॉम जेझूला मध्ययुग नव्हतं. खरवडून खाली काहीच जुनं सापडणार नव्हतं, फक्त चिरा सापडणार होता.

आणि तो आपल्याला आवडला! पोर्तुगीज गेले, १९८६मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं, पर्यटन वाढलं. सालाझारच्या माणसांची नजर आपण प्रश्न न विचारता उचलली. एवढंच नाही, तर ती आपल्या घरांना, रिसॉर्टना, कॅफेंना लावली. आज सिमेंटच्या भिंतीवर चिऱ्याच्या पातळ फरश्या चिकटवून मिळतात.

आता आत चला.

दारातून आत पाऊल टाकलं की बाहेरच्या लाल रंगाचा मागमूस राहत नाही. भिंती फिकट, आणि त्या फिकटपणाच्या टोकाला जमिनीपासून छतापर्यंत सोनं. वेदीमागची ही भिंत लाकडाची आहे, वर सोन्याचा मुलामा. पीळ घातलेले खांब, त्यांवर चढणारी वेल, देवदूत. अगदी खाली बाळ येशूची लहानशी मूर्ती. चर्च त्याच्याच नावाने आहे. पण नजर त्याच्यावर थांबत नाही, कारण त्याच्या डोक्यावर इग्नेशियस लोयोलाचा प्रचंड पुतळा आहे. संस्थापकाला देवबाळापेक्षा इतकं मोठं करणं हा जेझुइटांचा आत्मविश्वास, किंवा थोडी गुर्मीही म्हणा. इग्नेशियस मान वर करून एका तेजस्वी सूर्याकडे पाहतोय, आणि सूर्याच्या मध्ये तीच तीन अक्षरं आहेत: आय, एच, एस.

मला इथे एक गोष्ट दुसऱ्या भेटीत लक्षात आली. बाहेर फोटो काढायच्या आधी आपण मान वर करून काय वाचतो? तीच अक्षरं. म्हणजे आत येण्याआधीच चर्चने आपल्याला इग्नेशियससारखं उभं करून ठेवलेलं असतं. आपण अंगणात जी मुद्रा नकळत करतो, तीच आत सोन्यात घडवून समोर ठेवली आहे. बघणाऱ्याच्या शरीराला कामाला लावणं ही बरोकची खरी करामत, आणि ती इथे त्या शिस्तीच्या, चौकटीच्या भिंतीलाही साधली आहे.

प्रवचनपीठ लाकडाचं, खाली माणसांच्या आकृत्या त्याचं ओझं पेलताहेत, भोवती शुभवर्तमान लिहिणारे चौघे आणि चर्चचे आचार्य. घाईत असाल तरी हे सोडू नका. खालच्या आकृत्यांचे चेहरे बघा.

उजव्या हाताला, दक्षिणेकडच्या दालनात, ज्याच्यासाठी बहुतेक लोक येतात तो. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला. शव मलाक्काला नेलं, तिथून १५५४मध्ये गोव्यात आणलं. १६१४मध्ये उजवा हात कापून रोमला पाठवला. १६२२मध्ये तो संत ठरला. १६३६-३७मध्ये त्याच्यासाठी चांदीची पेटी घडवली गेली. कल्पना मार्चेल्लो मास्त्रिल्ली या इटालियन जेझुइटाची. हा माणूस आपण झेवियरच्या कृपेने दुखण्यातून वाचलो असं मानणारा. पेटीचं काम मार्गी लावून जपानला गेला आणि १६३७मध्येच नागासाकीत मारला गेला. पेटी घडवली गोव्यातल्या सोनार-चांदीकारांनी. तिच्यावर संताच्या आयुष्यातले ३२ प्रसंग ठोकून उठवले आहेत.

ही पेटी ज्याच्यावर आहे तो संगमरवराचा चौथरा साठ वर्षांनंतरचा, फ्लोरेन्सचा. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची याने तो पाठवला. संताच्या डोक्याखालची उशी त्याला भेट मिळाली होती, तिची ही परतफेड. शिल्पकार जोव्हानी बाट्टिस्टा फोज्जिनी. दहा वर्षं काम चाललं. सुटे भाग जहाजाने आले, ते जुळवायला प्लासिडो राम्पोनी नावाचा कारागीर सोबत आला आणि १६९८मध्ये चौथरा उभा राहिला. रंगीत दगड, गुबगुबीत देवदूत, चारही बाजूंना ब्राँझच्या फलकांवर प्रवचन, बाप्तिस्मा, हल्ल्यातून पळ, आणि मृत्यू.

सगळेजण या जोडकामाला पूर्व-पश्चिमेचा सुंदर संगम वगैरे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. फोज्जिनीचे फलक आपल्या नजरेच्या टप्प्यात आहेत. गोव्याच्या चांदीकारांचे ३२ प्रसंग चौथऱ्याने इतके वर उचलले, की खालून त्यातला एकही धड वाचता येत नाही. लोक फोन वर धरून झूम करतात आणि स्क्रीनवर चांदीची चमक तेवढी येते. फ्लोरेन्सच्या शिल्पकाराचं नाव, राजाचं नाव, अगदी दगड जुळवायला आलेल्या कारागिराचंही नाव आपल्याला ठाऊक आहे. पेटी घडवणारे मात्र ‘गोव्याचे सोनार’. मानाची जागा पेटीला मिळाली आणि वाचली जाण्याची जागा गेली. तरीही, खालून पाहताना एक कळतं: ती पेटी आणि तो चौथरा यांचं एका गोष्टीवर एकमत आहे. आत जे आहे ते मर्त्य, सुकलेलं, अपुरं आहे. त्याला झाकायचं, आणि झाकण्यातूनच ते पूज्य करायचं. हाडांवर वस्त्र, वस्त्राभोवती पेटी, पेटीवर चांदी, चांदीखाली संगमरवर. लाकडावर सोनं. भिंतीवर चुना.

तर हे आहे बॉम जेझू. थरांचं चर्च. त्याचं सगळं बोलणं आवरणातून होतं. ‘वरचा थर खोटा, आतला दगड खरा’ हा विचार घेऊन या इमारतीपाशी जाणं म्हणजे पैठणीचं सौंदर्य शोधायला तिचा धागा उसवण्यासारखं आहे. साहित्य जसं आहे तसं दाखवा, लपवू नका, हा आग्रह विसाव्या शतकाच्या वास्तुकलेचा. तो त्या काळाच्या इमारतींना शोभतो. सतराव्या शतकातल्या जेझुइटाला आपल्या चर्चचा चिरा उघडा पाहून अंगरखा न घालता दारात उभ्या राहिलेल्या यजमानासारखं वाटलं असतं.

जेझुइटांना आवरणाची कला इमारतींपुरती येत नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आला आणि १६१९मध्ये इथेच वारला; बॉम जेझू पायापासून कळसापर्यंत चढलं ते त्याच्या हयातीत. १६१६मध्ये रायतूरला छापलेलं त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ म्हणजे बायबलच्या कथेला सुमारे ११ हजार मराठी ओव्यांचं वस्त्र. अर्थ आपला, अंगरखा ऐकणाऱ्याचा.

या अंगरख्याखाली काय होतं, हेही इथेच म्हणायला हवं, नाहीतर माझं कौतुक पुन्हा त्या कॉलेजातल्या फोटोसारखं होईल. तिसवाडी आणि साष्टीतली देवळं पाडली गेली. देव रातोरात नदी ओलांडून फोंड्याकडे गेले. गोव्यात इन्क्विझिशन आणा, असं पोर्तुगालच्या राजाला १५४६च्या पत्रात लिहिणारा झेवियरच होता. ते १५६०मध्ये आलं. चांदीच्या ३२ प्रसंगांत हे पत्र नाही. आवरणाचं हे दुसरं काम असतं, आणि बॉम जेझूचं सोनं बघताना ते मी विसरू शकत नाही.

पण गोष्ट तिथेही संपली नाही. फोंड्याला मंगेशीला किंवा शांतादुर्गेला गेलात तर गाभाऱ्यावर शिखराऐवजी घुमट दिसेल, भिंतींवर चर्चसारखे अर्धखांब, कमानीच्या खिडक्या, छज्जाचे कठडे, आणि सगळ्यावर रंग. गेलेल्या देवांनी आपल्या नव्या घरांसाठी चर्चचाच पेहराव घेतला. शेवटी गवंडी तेच, सुतार तेच, चुना तोच. त्या देवळांचा गिलावा काढून चिरा ‘मोकळा’ करावा असं कुणाला सुचत नाही, कारण ती वापरातली आहेत आणि दरवर्षी रंगवली जातात. बॉम जेझूसुद्धा वापरातलं चर्च आहे, तिथे रोज मिस्सा होते. आपण त्याला वारसा म्हणायला लागलो आणि रंगवायचं थांबलो.

गेली काही वर्षं वाद चालू आहे. २०२०मध्ये बॅसिलिकाच्या रेक्टरांनी छपराच्या आणि पाण्याच्या प्रश्नावर जाहीर तक्रार केली. गिलावा परत करावा अशी मागणीही पुढे आली. विरोध झाला. विरोधकांचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नाही. ७० वर्षांचं लाल रूप हाही आता इतिहास आहे, दोन-तीन पिढ्यांची आठवण आहे. जुना गिलावा नेमका कसा होता, त्याचा पोत काय, रंग पांढरा की पिवळसर, हे अंदाजाने ठरवलं तर आपण कास्त्रोचीच चूक उलट्या दिशेने करू. आणि घाईत, टेंडर काढून, चुन्याऐवजी सिमेंट थापलं गेलं तर माझ्या मामेभावाच्या भिंतीसारखं पाणी आत कोंडून चिरा आतून कुजेल. ही भीती खरी आहे.

तरीही गोव्याचा पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तो वाद मिटायची वाट पाहत नाही. आवरण गेलेल्या चिऱ्याचं काय होतं हे पाहायला लांब जावं लागत नाही. बॉम जेझूवरून टेकडी चढून सेंट ऑगस्टिनच्या अवशेषांपर्यंत चालत जा. १८३५मध्ये ते ओसाड पडलं, १८४२मध्ये छत कोसळलं, १९३१मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग आला खाली. आज तिथे ४६ मीटरचा एक लाल सुळका उभा आहे आणि त्याच्यासमोर लग्नाआधीचे फोटोशूट चालतात. सुंदर दिसतं, हे नाकारत नाही.

पुरातत्त्व खात्याची ती छोटी नोंद मला इथे पुन्हा उपयोगाची वाटते. पश्चिमेचा चेहरा सोडून. चेहरा उघडा राहू द्या, त्याची निगा वेगळी राखा. आणि बाकीच्या अंगाला चुना द्या. शिंपल्याचा, दरवर्षी हात फिरवायचा, झिजण्यासाठीच असलेला चुना. तो झिजतो म्हणून चिरा झिजत नाही. लाल फोटो हवा असणाऱ्यांना फोटो मिळेलच, उलट पांढऱ्यावर तो जास्त चांगला येईल. आधी एका बाजूच्या भिंतीच्या छोट्या भागावर करून दोन पावसाळे थांबून बघा. चुन्याचं काम येणारे गवंडी तयार करायला तेवढा वेळ लागेलच.

२०२४-२५च्या शवप्रदर्शनाच्या वेळी मी गेले नाही. दहा वर्षांतून एकदा येणारी ती गर्दी माझ्या आवाक्याबाहेरची. त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये एका कामाच्या दिवशी गेले. पावसाची सर नुकतीच थांबली होती. से कॅथेड्रलच्या पांढऱ्या भिंतीवरून पाणी ओघळून गेलं होतं आणि वरचे भाग सुकायलाही लागले होते. बॉम जेझूची बाजूची भिंत काळपट लाल झाली होती, सांध्यांमध्ये हिरवं उगवलं होतं. भिंतीलगतच्या फरशीवर पाण्याचा एक पातळ ओघळ चालला होता, चहासारखा तांबूस. एक मुलगी छत्री बाजूला ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिच्या मैत्रिणीने फोटो काढला. सरळ झाली तेव्हा तिच्या पांढऱ्या कुर्त्याच्या पाठीवर चिऱ्याचा लाल ठसा उमटला होता. मैत्रीण रुमालाने तो झटकत होती आणि तो अजून पसरत होता.